मी गोजराबाईचा नवरा नाही

मी खांडा बोलतोय. खांडा म्हणजे सरळ, रुंद पात्याची, दोन्ही अंगांनी धारेची तलवार. वाकड्या तलवारी नखरेल असतात, आम्ही नाही. सध्या मी शेलूबाजारात फय्याज शिकलगाराच्या दुकानात ऐरणीशेजारी पडलो आहे. फय्याज भट्टीत कोळसे भरतोय. भाता चालू झाला की मी तापणार, लाल होणार, आणि आज सांजेपर्यंत माझे दोन विळे होणार.

त्याचं मला वाईट वाटत नाही. उलट सुटलो म्हणायचं. पण एक गोष्ट बोलल्याशिवाय मी भट्टीत जाणार नाही. म्हणजे जाणार तर आहेच, मला विचारतंय कोण. पण बोलून जाईन.

लोक मला गोजराबाईचा नवरा म्हणतात. परवा तिला सरणावर ठेवताना सुद्धा म्हणाले. ते खोटं आहे. ते कसं खोटं आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

माझा जन्म याच दुकानातला. फय्याजच्या पणज्याने मला घडवलं आणि आसेगावपासून कोसभरावरच्या एका देशमुखाच्या गढीत नेऊन दिलं. तिथे मी तीन पिढ्या भिंतीवर लटकून होतो. इंग्रजांच्या राज्यात लढाई कुठली? वर्षातून एकदा, दसऱ्याला मला खाली काढत. शिकलगार येऊन तेल-पाणी करी, मग पूजा होई. मग घरातला कर्ता पुरुष मला घेऊन गावाच्या शिवेवर जाई आणि देवीपुढे एका घावात रेडा पाडी. घाव एकच. दुसरा मारावा लागला तर गावाला वाईट वर्ष येतं, अशी समजूत.

एकोणीसशे अकराच्या दसऱ्याला घराचे कर्ते दौलतराव होते. चोवीस वर्षांचे, अंगाने भक्कम, स्वभावाने हसरे. हो, हसरे. पुढे ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांना हे पटत नाही. त्यांचा धाकटा भाऊ पुंजाजी एकोणीस वर्षांचा. भारी हूड. दादाचा घाव जवळून पाहायचा म्हणून रेड्याचा दोर त्यानेच धरला होता.

मी वर गेलो. ताशे वाजत होते. त्याच क्षणी रेड्याने हिसडा दिला, पुंजाजी दोरासकट पुढे ओढला गेला, आणि मी खाली येतच होतो. त्याने हात आडवा घातला. मनगटातल्या चांदीच्या कड्यावर मी आपटलो, तिथून निसटलो आणि त्याच्या मानेत शिरलो. घाव एकच लागला.

मला म्हणाल, तुला काय वाटलं? लोखंडाला काय वाटायचं, असं समजून मी बरीच वर्षं काढली. पण वाटलं. तो मुलगा मला दर दसऱ्याला झेंडूची माळ घालायचा आणि लग्नाळलेल्या नवरदेवासारखा सजवायचा. त्याचं रक्त माझ्यावर वाळलं.

कड्यावर आपटल्याने माझ्या धारेला हरभऱ्याएवढी खाच पडली. रज्जाक शिकलगार, म्हणजे या फय्याजचा बाप, मला साफ करायला आला तेव्हा दौलतराव दाराआडूनच म्हणाले, "रज्जाक, ते खाच घासू नको. राहू दे." त्यानंतर त्यांनी मला हात लावला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. दसरा आला की ते अंगात ताप असल्यासारखे कापायचे. शिवेवरचा घाव बंद झाला, आणि गाव कुजबुजायला लागलं.

दौलतरावांना लग्न करायचं नव्हतं. आपल्या हाताला आता कोणाचं भलं व्हायचं नाही, असं ते म्हणत. पण त्यांची आई कस्तुराबाई हट्टाला पेटल्या. घराला दिवा पाहिजे होता. त्यांनी कामरगावच्या नानाजींची मुलगी पाहिली. नानाजी जातीने बरोबरीचे, पण घर लहान, दहा एकरांचे शेतकरी. अशा वेळी मोठ्या घराण्यात एक रीत होती. मोठ्या घरचा नवरदेव लहान घराच्या मांडवात जात नसे. तो आपला खांडा पाठवी. नवरीचं लग्न खांड्याशी लागे.

लोकांना वाटलं, देशमुखाचा तोरा. खरं मला ठाऊक होतं. दौलतरावांना चार माणसांत उभं राहायचा धीरच नव्हता.

तर एकोणीसशे चौदाच्या वैशाखात मला हळद लागली, मुंडावळ्या बांधल्या, आणि बैलांच्या दमणीत बसवून कामरगावला नेलं. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे गोजरा. सतरा वर्षांची, सावळी, मान ताठ. ज्याने भावाचा जीव घेतला तोच नवरदेव होऊन उभा. त्या दिवशी मी जितका शरमलो तितका कधीच शरमलो नव्हतो.

आता नीट ऐका, कारण पुढचं सगळं यावर आहे. या लग्नाचा अर्धाच विधी नवरीच्या दारी होतो. उरलेला सासरी. सासरी नवरीला पाटावर बसवतात, शेजारच्या चौरंगावर खांडा ठेवतात. मग नवऱ्याने पाच जणांसमोर, आपल्या हाताने खांडा उचलायचा, भिंतीवरच्या खुंटीला टांगायचा आणि खांड्याच्या जागी स्वतः बसायचं. मग ती त्याची बायको. तोवर ती खांड्याची.

गढीत सगळे जमले. दौलतराव उंबऱ्यापर्यंत आले. त्यांची नजर माझ्यावर पडली. ते तसेच मागे फिरले. कस्तुराबाई म्हणाल्या, "मुहूर्त टळला, उद्या करू." दौलतरावांचे काका जगदेवराव मिशीतल्या मिशीत हसले. त्यांची घरं गढीला लागूनच होती आणि डोळा गढीवरच होता.

तो उद्या साडेचार वर्षं आला नाही.

मी गोजराच्या खोलीत चौरंगावर पडून राहिलो. मला तिथून नवऱ्याशिवाय कोणी हलवायचं नाही, असा नियम. ती सकाळी माझ्यावरची धूळ पुसायची आणि बोलायची. "तूच माहा नवरा हायेस, तं सांग न बाप्पा, त्यायले मी काहून नाई आवडलो?" गढीत प्रत्येकाला कारण ठाऊक होतं आणि एकानेही तिला सांगितलं नव्हतं. माणसांची ही खोड मला कधी कळली नाही. ज्याला गरज असते नेमकं त्यालाच सांगत नाहीत.

दौलतराव रोज सांजेला उंबऱ्याबाहेर उभे राहायचे आणि खाली पाहून विचारायचे, "जेवली काय?" ती म्हणायची, "जेवली." संपलं. पण एक दिवस चुकले नाहीत. पावसात भिजून शेतातून आले तरी आधी तिथे.

त्या वर्षीच्या दसऱ्याआधी रज्जाक तेल घेऊन आला. रीतीप्रमाणे मला चौरंगावरच साफ करायला बसला. गोजरा दाराशी बसून पाहत होती.

"रज्जाकभाई, सारं पातं आरशावानी केलं तुमी. मंग हे खाच काहून ठेवली?"

"मालकाचा हुकूम हाय, बाईसाहेब."

"काहून?"

"ते त्यायलेच इचारा."

"त्यायले इचारलं तं ते उठून जातात. तुमी सांगा. का मी ह्या घरची नोहो?"

रज्जाकने फडकं खाली ठेवलं. तो भला माणूस. त्याने सगळं सांगितलं, आणि सांगताना माझ्या खाचेवरून अंगठा फिरवत राहिला.

तो गेल्यावर तिने पेटीतून आपलं एक जुनं लुगडं काढलं आणि मला मुठीपासून टोकापर्यंत झाकलं. सांजेला दौलतराव आले.

"जेवली काय?"

"नाई जेवली. आत येऊन बसा, मंग जेवीन. झाकलं म्या त्याले."

त्यांनी चौकटीला हात टेकला. मग म्हणाले, "कोनं सांगतलं तुले?"

"तुमी सांगाले पायजे होतं."

"सांगतलं असतं तं तू आली असती?"

"नसती आली," ती म्हणाली. "पन आता आली हाव. आता काय करता?"

खरं सांगतो, लुगड्याखाली मला हसू आलं. बाई खोटं बोलत नाही म्हणजे बोलतच नाही. दौलतरावांनी पहिल्यांदा उंबरा ओलांडला आणि आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी ते पुंजाजीबद्दल बोलले. तो विहिरीत उडी मारून कासव कसं आणायचा, रज्जाकच्या बायकोच्या बांगड्यांच्या पेटीत त्याने बेडूक कसा ठेवला होता. सांगता सांगता हसले आणि हसता हसता रडले. गोजराने पाण्याचा तांब्या त्यांच्याकडे सरकवला.

मग हा क्रमच झाला. रोज सांजेला ते यायचे, भिंतीशी बसायचे, ती निवडणं-टिपणं करायची, दोघं बोलायचे. मध्ये मी, झाकलेला. एवढं प्रेम मी कोणत्याच जोडप्यात पाहिलं नाही. आणि कोणत्याच जोडप्यात एवढं अंतर पाहिलं नाही. तिच्या पदराला सुद्धा ते शिवले नाहीत. "तुले हात लावाचा तं आंधी त्याले लावा लागन," म्हणायचे. "अन् थो माह्यानं उचलत नाई, गोजरा."

"मले घाई नाई," ती म्हणायची.

कस्तुराबाईंना घाई होती. एका दुपारी त्या आत आल्या आणि दार लोटून घेतलं. "सूनबाई, मीच टांगतो त्याले खुंटीले. पाच जनायले सांगतो, दौलतनं टांगला. कोन पाहाले येते?"

"नाई, मामीजी," गोजरा सासूला म्हणाली. "लबाडीचं कुंकू मले नको. ते उचलतील तवाच मी त्यायची."

तेव्हा मला तिचा अभिमान वाटला. आज विचाराल तर म्हणेन, पोरी, होऊ द्यायचं होतंस. एवढीशी लबाडी खुंटीला लटकली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं.

एकोणीसशे अठराच्या पोळ्याला दौलतराव शेलूबाजारातून जैतुनबीला घेऊन आले. जैतुनबी म्हणजे रज्जाकची बायको, बांगड्या भरणारी. हिरव्या बांगड्या त्यांनी स्वतः निवडल्या होत्या. जैतुनबी गोजराचा हात दाबत दाबत एकेक बांगडी चढवत होती आणि दौलतराव भिंतीशी बसून मोजत होते. एका हातात नऊ, दुसऱ्या हातात नऊ.

"मालक, रंग तुमीच पसंद केला, तं पिचकली तं दोस माहा नाई," जैतुनबी म्हणाली.

"नाई पिचकत," ते म्हणाले.

त्यानंतर दोन महिन्यांत मानमोडी आली. त्या तापाला सगळे मानमोडीच म्हणत. सकाळी अंग दुखलं म्हणणारा माणूस तिसऱ्या दिवशी जायचा. घराघरात मढी, उचलायला खांदे नाहीत. गावकरी म्हणाले, देशमुखानं देवीचा घाव चुकवला, त्याची ही फेड. दौलतरावांनी ते ऐकलं. त्यांनी गढीतलं धान्य उघडलं, स्वतः बैलगाडी हाकून मढी नेली. पाचव्या दिवशी कस्तुराबाई गेल्या. नोकर पळाले. जगदेवरावांनी आपला दरवाजा आतून लावून घेतला.

मग दौलतराव पडले. ते ढाळजेत, बाहेरच्या खोलीत. गोजरा तिथे जाऊन पेज पाजायची, कपाळावर पाण्याची पट्टी ठेवायची. आता शिवाशिवीचं भान दोघांनाही उरलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती खोलीत येऊन डोकं टेकून बसली होती. भिंतीला घसटत कोणी येतंय असा आवाज आला. दौलतराव. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी उंबरा ओलांडला, भिंतीशी बसले नाहीत, सरळ माझ्याकडे आले आणि लुगडं बाजूला केलं.

सात वर्षांनी त्यांनी मला डोळे भरून पाहिलं.

गोजरा उठली. तिचा हात त्यांना धरायला पुढे आला आणि अर्ध्यावर थांबला. विधी त्यांनीच करायचा होता. मदत केली असती तर तो विधी झाला नसता, आणि तिला तो खरा पाहिजे होता.

पहिल्यांदा त्यांनी मूठ धरली आणि सोडली. दुसऱ्यांदा मी वीतभर वर आलो आणि चौरंगावर आदळलो. तिसऱ्यांदा त्यांनी एका हाताने मूठ धरली आणि दुसऱ्या हाताने सरळ पातं. खाचेपाशीच. तळहात कापला गेला, रक्त माझ्या मुठीत उतरलं. मी हलकं व्हायचा जीव तोडून प्रयत्न केला, पण लोखंडाला ते जमत नाही. त्यांनी मला छातीपर्यंत उचललं, मग डोक्यावर, मग खुंटीला अडकवलं.

मग माझ्या जागी, चौरंगावर, ते बसले.

"लय जड होता, गोजरा."

"माह्यासाठी उचलला?"

"तुह्यासाठीच."

त्यांनी कुंकवात बोट बुडवून तिच्या कपाळावर टेकवलं. कुंकू भुवईपर्यंत पसरलं. तिने आपल्या पदराची चिंधी फाडून त्यांच्या तळहाताला बांधली. ती दुपार आणि ती सांज ते एकमेकांना टेकून बसून होते. एवढाच त्यांचा संसार. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दौलतराव गेले. रज्जाक आणि दोघे-तिघे आले आणि घाईघाईने त्यांना नेलं. तळहाताची चिंधी त्यांच्याबरोबर जळाली.

ताप ओसरला तेव्हा जगदेवरावांचा दरवाजा उघडला. तेराव्याला ते भाऊबंदांना घेऊन गढीत आले. बायकाही आल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, आता बांगड्या फोडायच्या. जगदेवराव मात्र खूप मायेने बोलले.

"सूनबाई, रडू नको. तुह्या नवऱ्याले काई झालं नाई. दौलतनं खांडा उचलला नोहोता, सारं गाव जानते. तुहा नवरा थो पाय, खुंटीले लटकून राह्यला. कुंकू लाव, बांगड्या राहू दे, कायले रांडावते? त्याले घे अन् माहेरी जाय."

"त्यायनं उचलला," गोजरा म्हणाली. "गेल्या एकादशीले. माह्या डोयापुढं."

"पाच जन कोन होते?"

"कोनीच नोहोतं."

एक म्हातारा भाऊबंद चाचरत म्हणाला, "पोरगी खोटं बोलत नाई, जगदेव." जगदेवराव म्हणाले, "तापात भरमली असन. खुंटीले तं कोनंई टांगला असन." विषय मिटला, आणि विधवेचा गढीवरचा हक्कही मिटला. मी खुंटीवर होतो. पाच नाही, पण मी एक होतो. मला ओरडायचं होतं. मी हललो सुद्धा नाही.

गोजरा उठली. चौरंगावर चढून तिने मला खुंटीवरून काढलं, जमिनीवर ठेवलं आणि पुढ्यात बसली. सगळ्यांना वाटलं, निघाली माहेरी. तिने उजवा हात वर नेला आणि मनगट माझ्या पात्यावर आपटलं. मग डावा. नऊ आणि नऊ. हिरवी काच माझ्यावरून उडाली, तिच्या हातातून रक्त आलं. मग पदराने कपाळ पुसलं.

"मी दौलतरावाची रांड हाव," ती म्हणाली. "खांड्याची बायको नोहो. आता गढी ठेवा तुमी."

आपल्याकडे विधवेचं जिणं काय असतं ते मी पाहिलेलं आहे. ते जिणं तिने मागून घेतलं, एवढ्यासाठी की ती त्यांची होती.

जगदेवरावांनी तिला दमणीत बसवून कामरगावला पाठवलं आणि मला तिच्या शेजारी टाकलं. भावाच्या घरी तिने सव्वीस वर्षं काढली. मोकळं कपाळ, मोकळे हात. बिनपरवान्याचं हत्यार, म्हणून पोलिसाच्या भीतीने भावाने मला कडब्याच्या गंजीत खुपसलं, मग आढ्यावर टाकलं. मुठीखाली दौलतरावांच्या रक्ताचा गंज चढला, तो तिने कोणाला घासू दिला नाही. शेजारणी मागून म्हणायच्या, खांड्याची बाई चालली. ती ऐकून घ्यायची. फय्याजला मात्र तिने सांगून ठेवलं होतं, "मी गेल्यावर याचे इळे कर. यानं एक जीव घेतला, आता जवारी कापू दे."

परवा, या पौषात, ती गेली. बायका जमल्या. भल्या बायका, मायेच्या. एकजण म्हणाली, "बिचारीनं उगाच रंडकीपन काहाडलं. तिचा नवरा तं आढ्यावर हाय, साबूत." सगळ्यांना ते पटलं. त्यांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. हातात हिरव्या बांगड्या भरल्या. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. मला खाली काढून तिच्या कुशीला ठेवलं. "अहेव चालली, भाग्याची," म्हणून तिची ओटी भरली आणि रडल्या.

जगदेवरावाने लोभापायी जे केलं, ते यांनी मायेपायी केलं. सव्वीस वर्षं तिने जे पुसून ठेवलं होतं ते अर्ध्या घटकेत तिच्या कपाळावर परत आलं. ती आता नाही म्हणू शकत नव्हती, आणि मी तर कधीच बोललो नव्हतो.

सरण पेटवायच्या आधी फय्याजने मला उचलून घेतलं. आता तो माझी मूठ काढतोय. खालचा गंज पाहून थबकला, बोट फिरवलं, पण घासला नाही. बापाचा गुण. भाता चालू झाला आहे. उद्या मी दोन विळे होऊन कोणाकोणाच्या तरी हातांत असेन. तुम्ही कामरगावला गेलात आणि कोणी खांड्याच्या बाईची गोष्ट सांगायला लागलं, तर त्याला मध्येच थांबवा. सांगा, तिचा नवरा दौलतराव. कार्तिक एकादशीच्या दुपारी, तापाने फणफणलेल्या हातांनी, त्याने मला उचललं होतं. मी तिथे होतो.